संगणक मेला नव्हता, तारीख विसरला होता

सदर : घरातला संगणक



या महिन्यात प्रिंटरबद्दल लिहायचं ठरवलं होतं. पण मध्येच एका घरी जावं लागलं आणि तिथे जे पाहिलं ते आधी सांगावंसं वाटलं. अशीच अडचण या ना त्या रूपात बऱ्याच घरांत येत असणार.

घर धाराशिव शहरातलंच, ख्वाजा शमसुद्दीन गाझी दर्ग्याकडच्या भागातलं. कर्ते गृहस्थ जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. पाच महिन्यांपूर्वी त्यांचा इंतकाल झाला. अल्लाह त्यांची मगफिरत करो. भाभींची इद्दत, म्हणजे चार महिने दहा दिवस, नुकतीच पूर्ण झाली होती आणि कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांना हात लागला होता. सरांची सवय अशी की घरात आलेला प्रत्येक महत्त्वाचा कागद ते स्कॅन करून संगणकात ठेवायचे. पेन्शनचा आदेश, निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले, बँकेची पासबुकं, सगळं एका फोल्डरमध्ये. मूळ कागदांपैकी काही सापडत होते, काही नाही. म्हणून थोरल्या मुलीने संगणकावरची चादर काढली, बटण दाबलं, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हे उमटलं :

‘सीमॉस चेकसम एरर – डिफॉल्ट्स लोडेड. प्रेस एफ-वन टू कंटिन्यू, डेल टू एंटर सेटअप.’

मुलगी घाबरली. ‘एरर’ हा शब्द वाचला की पुढचं कोणी वाचत नाही. तिने बोर्डाचं बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. तोच मजकूर. संध्याकाळी धाकट्या भावाने धीर करून ‘एफ-वन’ दाबलं, तर विंडोज सुरू झालं. पण कोपऱ्यात तारीख दिसत होती १ जानेवारी २००९. इंटरनेट लावून ईमेल उघडायला गेला तर पडद्यावर लाल इशारा, तुमचं कनेक्शन खाजगी नाही. झालं, घरात ठरलं की कोणीतरी व्हायरस सोडला. एका दुकानात फोन केला. तिथून उत्तर आलं, ‘‘मदरबोर्ड गेला असेल. घेऊन या, फॉरमॅट मारून बघू. जुनाच आहे, नवीन घेतलेला बरा.’’

‘फॉरमॅट’ हा शब्द ऐकून मुलीने मला फोन केला. म्हणाली, ‘‘चाचा, फॉरमॅट मारला तर अब्बांचं सगळं जाईल ना?’’

जाईल, हे खरं होतं. मी म्हटलं, ‘‘बेटा, आता कोणीच काही दाबू नका. पडद्यावर जे येतं त्याचा मोबाइलवर फोटो काढून पाठव.’’ फोटो पाहिला आणि मनावरचं अर्धं ओझं उतरलं. असरनंतर मी आणि आमच्या घरातल्या, दोघं त्यांच्याकडे गेलो.

यंत्र नेमकं काय म्हणत होतं

मजकुराचा अर्थ आधी समजून घेऊ. अर्थ कळला की भीती आपोआप कमी होते.

संगणक चालू करताच विंडोज लगेच येत नाही. आधी मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये बसवलेला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला बायोस म्हणतात. कीबोर्ड आहे का, मेमरी ठीक आहे का, डिस्क कुठे आहे, हे तो तपासतो आणि मग विंडोजला हाक मारतो. या तपासणीसाठी काही गोष्टी त्याच्या लक्षात असाव्या लागतात : आजची तारीख, वेळ, कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं, ती डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची. ही टिपणं ज्या लहानशा मेमरीत असतात तिला सीमॉस म्हणतात. वीज गेली की ही मेमरी कोरी होते. म्हणून तिला जागं ठेवायला मदरबोर्डवर एक चपटी, नाण्यासारखी बॅटरी बसवलेली असते. मनगटी घड्याळात असते तशीच, फक्त थोडी मोठी. संगणकातलं घड्याळही त्याच बॅटरीवर चालतं. आत क्वार्ट्झचा स्फटिक असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. आपल्या मनगटी घड्याळातही हेच गणित आहे.

आता ‘चेकसम’. किराणा दुकानदार उधारीच्या वहीत प्रत्येक पानाखाली बेरीज लिहितो. दुसऱ्या दिवशी रकमा पुन्हा मिळवल्या आणि बेरीज जुळली नाही, तर त्याला कळतं की पानावर काहीतरी खाडाखोड झाली आहे. बायोसही असंच करतो. सीमॉसमधल्या आकड्यांची बेरीज तो जपून ठेवतो आणि सुरू होताना पुन्हा करून पाहतो. बॅटरी अशक्त झाली की आकडे विस्कटतात, बेरीज जुळत नाही. मग तो म्हणतो, या वहीवर माझा भरवसा नाही, कारखान्यातून निघताना जी मांडणी होती तीच मी घेतो. ‘डिफॉल्ट्स लोडेड’चा अर्थ एवढाच.

म्हणजे मदरबोर्ड गेलेला नव्हता, व्हायरस नव्हता, सरांचे कागदही गेले नव्हते. कागद असतात हार्डडिस्कवर आणि डिस्कला या बॅटरीची गरज नसते. संगणक तारीख विसरला होता, इतकंच.

सुरुवातीच्या काळात संगणकाला तारीख लक्षातच ठेवता येत नसे. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत अशी बॅटरी नव्हती. चालू केला की माणसाने रोज तारीख आणि वेळ टाइप करायची. १९८४ च्या त्यांच्या पीसी-एटी या यंत्रात बॅटरीवर चालणारं घड्याळ आणि टिपणांची मेमरी आली आणि ती पद्धत आजपर्यंत टिकली आहे.

नेमकं आत्ताच का झालं?

भाभींनी विचारलं, ‘‘सर होते तोवर तर रोज चालत होता. ते गेले आणि हाही गेला, असं कसं?’’

त्यालाही साधं कारण आहे. संगणकाची तार भिंतीत असते आणि बोर्डाचं बटण चालू असतं, तेव्हा आतल्या पॉवर सप्लायमधून थोडी वीज मदरबोर्डला मिळत राहते आणि बॅटरीवर फारसा भार पडत नाही. बोर्ड बंद केला की सगळा भार त्या नाण्याएवढ्या बॅटरीवर. सरांच्या हयातीत संगणक रोज दोन-तीन तास चालत असे. इद्दतीच्या काळात त्याची तार काढून ठेवली होती. बॅटरी आधीच कितीतरी वर्षांची जुनी, त्यात साडेचार महिने एकटीने घड्याळ चालवलं. ती तिथे थकली.

आपल्याकडे रात्री बोर्ड बंद करायची सवय आहे आणि ती योग्यच आहे. विजेचा दाब वरखाली होतो, लोडशेडिंगनंतर वीज परत येते तेव्हा झटका बसतो, आणि वैशाखातल्या वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा तर तार काढूनच ठेवावी. बॅटरी वाचवण्यासाठी बोर्ड चालू ठेवू नका. बॅटरी पन्नास रुपयांच्या आसपास मिळते, मदरबोर्ड तेवढ्यात येत नाही. चार-पाच वर्षांनी एकदा ती बदलून टाकायची.

इंटरनेट का अडलं?

लाल इशाऱ्याचा उलगडा एसटीच्या पासवरून होईल. विद्यार्थ्याच्या पासवर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडेही असाच एक दाखला असतो, त्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. संगणकाला वाटतंय की आज २००९ सालचा जानेवारी आहे. दाखल्यावर लिहिलंय त्याहून कितीतरी पुढचं वर्ष. म्हणून तो म्हणतो, हा पास अजून सुरूच झालेला नाही, मी आत सोडणार नाही. तारीख नीट केली की तो इशारा निघून जातो. आमच्यासमोर तसंच झालं.

तेव्हा एखाद्या दिवशी सगळ्याच वेबसाइट एकदम असुरक्षित दिसू लागल्या, तर आधी कोपऱ्यातली तारीख पाहा. वर्षही पाहा. दिवस आणि महिना बरोबर असतो आणि वर्ष चुकलेलं असतं, ते नजरेतून सुटतं.

आधी नक्कल, मग दुरुस्ती

आम्ही ‘एफ-वन’ दाबून विंडोज सुरू केलं, तारीख नीट केली. मुलगा म्हणाला, ‘‘चाचा, आता बॅटरी बदलू या.’’ मी म्हटलं, थांब. यंत्र चालू आहे, फोल्डर दिसतोय, तर आधी त्याची नक्कल काढू. जाताना मी बाहेरची डिस्क बरोबर नेली होती.

आधी कागदांचा फोल्डर घेतला. तो दहा मिनिटांत आला. मग एक आवाजाची फाइल. सरांनी धाकट्या नातीला सूरह फातिहा शिकवताना मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग. मध्येच ती चुकते, सर हसतात आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावतात. तेही आलं. त्यानंतर फोटो. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या फोल्डरपाशी नक्कल अडकली. बराच वेळ पट्टी जागची हलेना. काही फोटो आले, काहींना ‘वाचता येत नाही’ असं उत्तर मिळालं.

तेव्हा मला शंका आली. बॅटरी बदलून झाल्यावर सेटअपमध्ये जाऊन पाहिलं तर डिस्कच्या तब्येतीची तपासणी, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात, बंद होती. ती चालू केली. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना नवा मजकूर आला :

‘स्मार्ट स्टेटस बॅड. बॅकअप अँड रिप्लेस.’

डिस्क स्वतःच सांगत होती की मी आता फार दिवसांची नाही, माझ्यातलं काढून घ्या. पहिला मजकूर पन्नास रुपयांचा होता. दुसरा मजकूर खरा गंभीर होता आणि तो पहिल्याच्या आड लपला होता. त्या दिवशी नक्कल न काढता आधी दुरुस्तीच्या मागे लागलो असतो, किंवा दुकानात फॉरमॅट झाला असता, तर काय झालं असतं ते सांगायला नको. लग्नाचे वीस-बावीस फोटो मात्र मिळाले नाहीत. नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये त्यातले काही असतील, भाभी चौकशी करत आहेत. अलहम्दुलिल्लाह, बाकी सगळं वाचलं. दुसऱ्या आठवड्यात नवी डिस्क बसवली. जुनी डिस्क कपाटात ठेवली आहे.

बॅटरी बदलायची कशी?

हे काम घरातला कोणीही समजूतदार मुलगा किंवा मुलगी करू शकते. हे टेबलावरच्या डब्याच्या संगणकाबद्दल आहे. लॅपटॉप उघडणं वेगळं काम आहे, ते घरी करू नका.

१. विंडोज चालू होत असेल तर आधी महत्त्वाच्या फाइलींची नक्कल पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर काढा.

२. संगणक सुरू होताना ‘डिलीट’ बटण दाबत राहा. काही कंपन्यांच्या यंत्रांत ‘एफ-टू’ किंवा ‘एफ-टेन’ असतं, पडद्याच्या तळाशी लिहिलेलं असतं. सेटअप उघडेल. काहीही न बदलता प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. मी एकदा माझ्याच संगणकावर हे केलं नाही. बॅटरी काढली, डिस्क वाचायची पद्धत ‘एएचसीआय’ची ‘आयडीई’ झाली आणि विंडोज निळ्या पडद्यावर येऊन मरू लागलं. एका ओळीच्या फरकासाठी माझी अख्खी संध्याकाळ गेली.

३. संगणक बंद करा. बोर्ड बंद करा, तार काढा. मग चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल.

४. डब्याच्या मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवा. हात आधी डब्याच्या रंग नसलेल्या धातूला लावा. अंगावरची स्थिर वीज चिपला मारक असते, विशेषतः थंडीच्या कोरड्या दिवसांत.

५. मदरबोर्डवर चकचकीत नाणं दिसेल. बाजूची छोटी पट्टी नखाने हळूच दाबली की ते वर उसळतं. कोणती बाजू वर आहे ते लक्षात ठेवा. बहुतेक वेळा अधिक चिन्हाची, अक्षरं असलेली बाजू वर असते. चाकू, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका.

६. तीच बॅटरी घेऊन घड्याळाच्या दुकानात जा. बहुधा तिच्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असेल. यातले २० म्हणजे रुंदी २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. दुकानदार सीआर २०२५ देऊन ‘चालतंय’ म्हणेल, तर घेऊ नका. ती पातळ असते, नीट टेकत नाही. पाकिटावरची मुदत पाहा. कोणाकडे मीटर असेल तर नवी बॅटरी तीन व्होल्टच्या आसपास दाखवते. जुनी २.७ च्या खाली असेल तर तिचं काम संपलं.

७. नवी बॅटरी कडेने धरून बसवा, पत्रा लावा, सुरू करा. पहिल्या वेळी तोच मजकूर पुन्हा येईल. इथे बरेच जण निराश होतात. बॅटरी नवी असली तरी वही अजून कोरीच आहे. सेटअपमध्ये जाऊन तारीख, वेळ भरा, आधी काढलेले फोटो पाहून बाकीची मांडणी जुळवा, ‘एफ-टेन’ दाबून जतन करा. जुन्या बॅटरीमुळे मांडणी आधीच बदलली असेल आणि विंडोज निळ्या पडद्यावर अडत असेल, तर डिस्क वाचायची पद्धत बदलून पाहा.

८. खरी परीक्षा रात्रभराची. बोर्ड बंद करून झोपा. फजरनंतर चालू करा. तारीख टिकली असेल तर काम झालं. टिकली नसेल तर बॅटरी नीट टेकलेली नाही, किंवा तीही दुकानात पडून जुनी झालेली आहे. दोन बॅटऱ्या बदलूनही तेच होत असेल, तेव्हा मदरबोर्डवर संशय घ्यायचा.

जुनी बॅटरी लहान मुलांपासून दूर

ही सूचना कापून फ्रीजवर लावली तरी चालेल. नाण्यासारखी बॅटरी मुलाने गिळली तर ती अन्ननलिकेत अडकून दोन तासांच्या आत आतून भाजू शकते. बॅटरी ‘संपलेली’ असली तरी तिच्यात तेवढा जोर शिल्लक असतो. मूल खोकतं, लाळ गाळतं, जेवत नाही, आणि आपल्याला वाटतं सर्दी आहे. नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, उद्यावर टाकू नका, थेट दवाखान्यात नेऊन एक्स-रे काढा. जुन्या बॅटरीच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्या. चुलीत टाकू नका, ती फुटते.

आणखी काही मजकूर

सुरू होताना येणारे बाकीचे मजकूरही असेच ओळखता येतात. थोडक्यात सांगतो.

‘डिस्क बूट फेल्युअर’, ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ किंवा ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ : आधी पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, सीडी काढा आणि पुन्हा सुरू करा. पुष्कळदा तेवढंच असतं. संगणक पेनड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसलेला असतो. त्याने झालं नाही तर सेटअपमध्ये डिस्कचं नाव दिसतं का पाहा. दिसत नसेल तर आतली केबल सैल असू शकते किंवा डिस्क गेलेली असू शकते. नाव दिसत असेल तर डिस्क कोणत्या क्रमांकावर आहे ते तपासा.

‘कीबोर्ड एरर, प्रेस एफ-वन’ : कीबोर्ड नाही म्हणतो आणि त्याच्यावरचंच बटण दाबा म्हणतो, म्हणून हसू नका. तार निघालेली असते. जुना जांभळ्या गोल पिनेचा कीबोर्ड असेल तर संगणक बंद करूनच पिन लावा.

‘सीपीयू फॅन एरर’ : ‘एफ-वन’ दाबून पुढे जाऊ नका. पंख्यात धूळ अडकली असेल किंवा तो थांबला असेल. मेंदू तापून यंत्र कायमचं जाऊ शकतं.

पडदा काळा आणि फक्त शिट्ट्या : बऱ्याचदा मेमरीची पट्टी सैल झालेली असते. तार काढून, पट्टी काढून, तिचे सोनेरी दात पेन्सिलीच्या खोडरबराने हलके पुसून परत घट्ट बसवा.

‘स्मार्ट स्टेटस बॅड’ : याबद्दल वर लिहिलंच आहे. रोज ‘एफ-वन’ दाबून काम उरकणारे लोक मी पाहिले आहेत. हा मजकूर दिसला त्याच दिवशी नक्कल काढा.

दुकानात न्यायची वेळ आली तर

दुकानदारांना सरसकट दोष देणं बरं नाही. फोनवर आपण ‘चालू होत नाही’ एवढंच सांगतो, तो अंदाजच करणार. पडद्यावरचा मजकूर अक्षरशः वाचून दाखवला किंवा त्याचा फोटो दाखवला तर उत्तर वेगळं मिळतं. ‘फॉरमॅट’ या शब्दाला मात्र लगेच हो म्हणू नका. आतलं सगळं पुसलं जाईल का, हे स्पष्ट विचारा.

दुसरी गोष्ट अमानतीची. संगणकात घरातल्या बायका-मुलींचे फोटो असतात, बँकेचे कागद असतात. बिघाड डिस्कचा नसेल तर डिस्क काढून घरी ठेवा आणि बाकीचं यंत्र द्या. डिस्क द्यावीच लागली तर ओळखीच्या, भरवशाच्या माणसाकडे द्या आणि शक्य असेल तर समोर बसून काम करून घ्या. आपल्यातली बरीच तरुण मुलं आता हा व्यवसाय करतात. त्यांनाही सांगणं आहे : गिऱ्हाइकाची डिस्क ही अमानत आहे. कामापुरतं पाहावं, बाकी फोल्डर उघडू नये.

तिसरी गोष्ट, जुना म्हणून टाकून देण्याची घाई करू नका. चांगली चालणारी वस्तू भंगारात घालणं हा इसराफच. पण मर्यादाही ओळखा. विंडोज एक्सपीच्या सुरक्षा दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला आणि विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० ला बंद झाल्या. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नका. टायपिंग, स्कॅनिंग, हिशेब, मुलांचा सराव यासाठी ते वापरता येतं. आणि शेवटी द्यायचंच झालं, तर डिस्क काढल्याशिवाय भंगारवाल्याच्या हाती देऊ नका.

त्या दिवशी निघताना मगरिबची वेळ झाली होती. कागदांच्या प्रती काढून मुलीने फाइल लावली होती. भाभींनी ते रेकॉर्डिंग एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा लावू दिलं नाही. म्हणाल्या, ‘‘असू दे, आता आहे ना आपल्याजवळ.’’ त्याची एक नक्कल मुलीच्या मोबाइलमध्ये आहे, एक बाहेरच्या डिस्कवर, एक जावयाकडे. आपल्या घरात अशी एखादी फाइल असेल तर आजच, संगणक नीट चालू असताना, तिच्या दोन नकला काढून ठेवा.

प्रिंटरचं इन्शाअल्लाह पुढच्या महिन्यात. तोवर तुमच्या संगणकावर एखादा न कळणारा मजकूर आला तर तो जसाच्या तसा लिहून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. फक्त ‘चालत नाही’ असं लिहू नका.

वस्सलाम.